विमानाच्या पोटातील रंग

माणसाला जडणाऱ्या छंदांचे दोन वर्ग पडतात : चारचौघांत सांगण्याजोगे आणि चारचौघांपासून लपविण्याजोगे. बागेचा छंद, ग्रंथ जमविण्याचा छंद, फार काय, पत्ते कुटण्याचा छंदसुद्धा पहिल्या वर्गात मोडतो. त्यांत गुंतलेल्या माणसाकडे पाहून लोक निदान हसत तरी नाहीत. माझा छंद दुसऱ्या वर्गातला आहे. साठी केव्हाच उलटून गेलेला, शाळामास्तरकीतून निवृत्त झालेला एक गृहस्थ सकाळच्या उजेडात खिडकीपाशी बसला आहे, चष्म्यावर त्याने आणखी एक भिंग चढविले आहे, आणि वीतभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या विमानाच्या पोटात तो मांजराच्या मिशीसारख्या कुंचल्याने रंग भरीत आहे, हे दृश्य पाहून गंभीर राहणे कोणालाही कठीणच. घरी येणारी मंडळी सभ्य असतात. ती "नातवासाठी वाटतं?" एवढेच विचारतात, आणि मीही "हो" म्हणून मोकळा होतो. नातवाला विमानांत काडीचा रस नाही, हे तो स्वतः खोलीत येऊन सांगेपर्यंत माझी अब्रू शाबूत असते.

या छंदात विमान जोडणे हा भाग सोपा. बाहेरून ते रंगविणे त्याहून थोडे अवघड. आणि वैमानिक जेथे बसतो त्या जागेला, म्हणजे कॉकपिटला, खरा रंग देणे हा भाग इतका बिकट की, त्यापायी मित्रामित्रांत वर्षानुवर्षे अबोला धरलेला मी ऐकला आहे. दुसऱ्या महायुद्धातील हरिकेन जातीचे विमान बहात्तरांश प्रमाणात केले म्हणजे त्याच्या पंखांचा पसारा सतरा सेंटिमीटर भरतो आणि वैमानिकाची जागा चिंचोक्याएवढी होते. त्या चिंचोक्यात कोणता रंग भरावयाचा यासाठी एवढा खटाटोप का, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, बाहेरचा रंग दुसऱ्यांसाठी असतो. तो दिसावा म्हणून देतात किंवा दिसू नये म्हणून देतात; म्हणून त्याचे हुकूम निघतात, आराखडे निघतात, आणि ते दप्तरांत जपून राहतात. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर इंग्रजी विमानांच्या वर्तुळचिन्हातील तांबडा ठिपका जपानी सूर्यबिंबासारखा दिसे, आणि आपलेच लोक आपल्याच विमानावर गोळ्या झाडतील असे भय होते. म्हणून १९४२ नंतर तो ठिपका गेला, आणि पुढे तेथे गडद व फिक्या निळ्याचे चिन्ह आले. या गोष्टीचे शेकडो साक्षीदार आहेत. आतल्या रंगाला साक्षीदार एकच, तो म्हणजे विमान चालविणारा. आणि त्या बिचाऱ्याचे लक्ष रंगाकडे असण्याची वेळ ती नव्हे.

बरे, प्रत्येक राष्ट्राची रीत निराळी. विमानाचा आतला भाग रंगवीत तो शोभेसाठी नव्हे. धातू खाऊन जाऊ नये, आणि वैमानिकाच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये, म्हणून रंगवीत. अमेरिकन लोक जस्ताच्या क्रोमेटचे अस्तर वापरीत. ते मुळात पिवळे. अॅल्युमिनियमवर त्याचा हात फिरला म्हणजे गंज चढण्याची क्रिया मंदावते. त्या पिवळ्यात काळा रंग मिसळला की तो हिरवा होई, आणि कोणत्या कारखान्यात किती काळा पडला यावर त्या हिरव्याची छटा ठरे. जर्मनांनी आरंभी हिरवट राखी रंग पसंत केला. त्याचा त्यांच्या यादीतील क्रमांक ०२. पुढे १९४१ च्या अखेरीस त्यांनी तो सोडून जवळजवळ काळा म्हणावा असा ६६ क्रमांकाचा राखी रंग आणला. जपानी कारागीर विमानांच्या आतील कित्येक भागांवर निळसर हिरव्या रंगाचे पारदर्शक लुकण फाशीत आणि त्याला हिरव्या बांबूचे नाव देत. आणि इंग्रजांच्या विमानांत जो रंग असे त्याला त्यांनी नाव दिले 'ग्रे-ग्रीन'. म्हणजे राखाडी हिरवा. ज्या रंगाला नाव देताना त्याचे धनीच असे दोन दरडींवर पाय ठेवून उभे राहतात, तो रंग दुसऱ्याने नेमका कसा ओळखावा?

मराठीत रंगांच्या नावांचे दारिद्र्य आहे असे ज्यास वाटत असेल त्याने लुगड्यांच्या दुकानात जाऊन बसावे. अंजिरी, आमसुली, डाळिंबी, कोनफळी, गुलबक्षी, मोरपंखी, शेवाळी, चिंतामणी. एकेका नावाबरोबर डोळ्यांपुढे ती छटाच उभी राहते. परंतु हा इंग्रजी विमानांतला रंग कोणत्याही लुगड्याला कधी कोणी दिला नसावा, इतका तो अरसिक आहे. माझ्या पत्नीला मी त्याचा नमुना दाखविला, तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता ती म्हणाली, "शेवग्याचा पाला सुकला म्हणजे असा दिसतो." छापील रंगतक्ते चाळून मला जे साधले नव्हते, ते तिने सहा शब्दांत साधले. तेव्हापासून आमच्या घरात त्या रंगाचे नाव शेवगापाला असेच रूढ झाले आहे.

पण नाव सापडले म्हणजे रंग सापडला असे नव्हे. जुनी छायाचित्रे पाहावी तर बहुतेक काळीपांढरी. त्यांतही काही प्रकारच्या फिल्मवर पिवळा काळपट उमटे आणि निळा फिकट. रंगीत फिल्म १९३५ पासून बाजारात होती. पण ती महाग, आणि युद्धाच्या धामधुमीत विमानाच्या पोटात ती कोण वाया घालवणार? संग्रहालयातील विमान पाहावे तर त्यावर नंतरच्या काळात रंगाचे हात चढलेले. एकदा दिल्लीस गेलो असता पालमच्या वायुदल-संग्रहालयात हरिकेन पाहिले. मी खाली, ते वर. आत डोकावण्याची सोयच नाही. दोरीच्या अलीकडे उभा राहून टाचा उंचावणाऱ्या वयस्क माणसाकडे पहारेकरी ज्या नजरेने पाहतो, ती मला अजून आठवते. आणि समजा, एखाद्या जुन्या तुकड्यावर मूळचा रंग सापडलाच, तरी ऐंशी वर्षांत तो पिवळला असणार. शिवाय मूळ रंग जसाच्या तसा चिंचोक्याएवढ्या जागेत भरला तर तो काळाकुट्ट दिसतो. लहान वस्तू म्हणजे जणू दूरची वस्तू, आणि दूरच्या वस्तूचा रंग हवेमुळे फिकट भासतो, म्हणून त्यात थोडा पांढरा घालावा असा आम्हा छांदिष्टांचा संप्रदाय आहे. एवंच, खऱ्या रंगाचा शोध करता करता मनुष्य अखेरीस बुद्धिपुरस्सर खोटा रंग देतो आणि त्यालाच अचूक म्हणतो.

ही सगळी विद्या मी पुढे पुढे मिळविली. तिचा पहिला धडा मात्र मला साखरशेतात मिळाला, आणि तो समजावयास मला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

साखरशेत हे जव्हार तालुक्यातले गाव. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. मी १९८४ साली तेथील शाळेत मास्तर म्हणून गेलो, तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. गावाचे नाव ऐकून मी उसाच्या फडांची कल्पना करीत गेलो होतो. तेथे मी पाहिले ते नाचणी आणि वरई यांचे उतार, सखल भागात भाताची खाचरे, आणि भोवती साग. पुढे जन्मभर रंगांच्या नावांनी मला जे फसविले, त्याची ही नांदीच होती म्हणावयाची. जव्हारच्या पठारावर पाऊस एकदा धरला म्हणजे आठ आठ दिवस डोळा उघडत नाही. शाळा सुटली की करावयास काही नसे. अशा एका पावसाळ्यात मुंबईच्या एका परिचिताने मला हरिकेन विमानाचे एक खोके आणून दिले, आणि मी या व्यसनात सापडलो.

खोक्यात सुटे भाग होते आणि एक छापील पत्रक होते. पत्रकात वैमानिकाच्या जागेवर बाण काढून एकच रंग सांगितला होता : आतला भाग सर्व हिरवा. त्याच्या पुढे रंगाच्या डबीचा क्रमांक. ती डबी जव्हारात मिळणे शक्यच नव्हते. मी जव्हारच्या बाजारातील रंगाच्या दुकानात गेलो आणि थोडा हिरवा, थोडा काळा, थोडा पांढरा असा ऑइलपेंट मागितला. दुकानदाराने विचारले, "दाराला की खिडकीला?" मी म्हणालो, "विमानाला." त्याने माझ्याकडे एकवार पाहिले आणि मुकाट्याने सर्वांत लहान डबे काढून दिले. वेड्यांशी वाद घालू नये हे व्यापाऱ्याला शाळेत न जाताही कळते. घरी येऊन मी कंदिलाच्या उजेडात रंग मिसळला, मनाजोगता जमला. सकाळी दारात नेऊन पाहतो, तो रात्रीचा राखाडी हिरवा चक्क पोपटी झालेला! कंदिलाचा उजेड मुळातच पिवळा, हे लक्षात न घेतल्याचा तो परिणाम. तीन रात्री आणि तीन सकाळी अशा घालविल्यावर चौथ्या दिवशी मला हवा तो रंग साधला, आणि त्याचा मला भलताच अभिमान वाटू लागला.

गावात एक म्हातारे सुतार राहत. सारे गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. वय पासष्टीच्या घरात, अंगाने काटक, हातात नेहमी काहीतरी तासावयाचे असे. शाळेची बाके तेच दुरुस्त करीत. त्यांचा जन्म जव्हारातला. सासुरवाडीच्या जमिनीमुळे ते साखरशेतात येऊन राहिले होते. तरुणपणी ते हवाई दलात भरती झाले होते, आणि १९४४ साली इंफाळला हरिकेन विमानांच्या दुरुस्तीच्या कामावर होते. त्या वर्षी जपानी फौजांनी इंफाळला वेढा घातला होता, आणि अर्जनसिंग यांच्या हाताखालील आपली पहिल्या क्रमांकाची तुकडी तेथून हरिकेन उडवीत होती, हा इतिहास मी पुढे वाचला. आबांच्या तोंडून मी ऐकला तो चिखलाचा, मच्छरांचा आणि फणस न मिळाल्याचा. जव्हारचे अखेरचे संस्थानिक यशवंतराव मुकणे हे स्वतः त्या युद्धात हवाई दलात होते. आबा म्हणत, "राजाच विमानात बसायला गेला, मग सुतारानं पाचर ठोकायला का जाऊ नये?"

विमानात सुताराचे काय काम, असा प्रश्न मला त्या वेळी पडला होता आणि मी तो विचारला नाही. विचारला असता तर पुढचा प्रसंग टळला असता. हरिकेनचा सांगाडा पोलादी व अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा. परंतु वैमानिकाच्या मागे शेपटापर्यंतच्या भागाला आकार येतो तो लाकडी कड्यांमुळे आणि लांब लाकडी पट्ट्यांमुळे, आणि त्यांवर ताणून बसविलेले असते ते तागाचे कापड. ६ नोव्हेंबर १९३५ रोजी हे विमान प्रथम उडाले, तेव्हा सगळ्या धातूच्या पत्र्याची विमाने येऊ घातली होती; पण सिडनी कॅम या त्याच्या रचनाकाराने मागच्या पिढीची ही रीत सोडली नव्हती. गोळी लागून कापड फाटले तर ठिगळ लावता येई. लाकडी पट्टी मोडली तर सुतार ती बदली. अशी चौदा हजारांहून अधिक विमाने निघाली, आणि जेथे जेथे ती गेली तेथे सुतारही गेले.

विमान तयार होत आले तेव्हा मी आबांना मुद्दाम बोलावले. खरे सांगावयाचे तर त्यांनी वाहवा करावी, एवढ्याचसाठी बोलावले. विमानाचे दोन्ही अर्धभाग अजून चिकटवावयाचे होते. आबांनी हात धोतराला पुसले, ते अर्धे विमान तळहातावर घेतले, दाराशी उजेडाला नेले, आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, आत सगळं हिरवं कसं केलंत?"

"तसंच असतं आबा," मी म्हणालो.

"आत चांदी होती. नळ्या चांदीच्या रंगाच्या. आणि मागं शेपटाकडं गेरू होता."

"गेरू?"

"गेरू. आपल्या भिंतीला असतो तसा. मी आत निजून काम केलंय. वर बघावं तर गेरूच गेरू."

मला हसू आले. साखरशेतात काय, साऱ्या जव्हार-मोखाड्यात, लग्नघराची भिंत गेरूने सारवून तिच्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची वारल्यांची चाल आहे. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जन्मभर पाहिलेल्या भिंती आणि चार वर्षे पाहिलेली विमाने यांची सरमिसळ झाली असली पाहिजे, असे मी ताडले. तेवढ्यावर मी थांबलो असतो तरी चालले असते. पण मी पंचविशीतला मास्तर, आणि माझ्या हाती छापील कागद! मी पत्रक उघडून त्यांच्यापुढे धरले, बाण दाखविला, क्रमांक दाखविला, आणि ज्या स्वरात तिसरीच्या मुलांना समजावून सांगत असे त्याच स्वरात म्हणालो, "आबा, चाळीस वर्षं झाली. विसर पडणारच. विलायतेत विमानाला गेरू लावतील कशाला? हे बघा, इथे छापलंय."

आबांनी पत्रकाकडे पाहिले नाही. विमान त्यांनी अलगद, जसे उचलले होते तसेच, टेबलावर ठेवले. "छापलंय तर असेल बाबा," एवढे म्हणाले आणि उठले. तोपर्यंत ते मला कधी 'बाबा' म्हणाले नव्हते, गुरुजीच म्हणत. त्या 'बाबा'त राग नव्हता. असता तर बरे झाले असते. पुढेही ते शाळेत येत, बाके दुरुस्त करीत, माझ्याशी पावसाचे, भाताचे बोलत. पण विमानाचा विषय त्यांनी माझ्यापाशी पुन्हा काढला नाही. मी दोन-तीनदा काढून पाहिला, तेव्हा "आता कुठलं ध्यानात राहतंय" म्हणून त्यांनी रंधा चालविला. माझेच वाक्य त्यांनी मला परत दिले होते. १९८७ साली माझी बदली झाली, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात आबा वारल्याचे मला नाशिकला कळले.

त्यानंतर कितीतरी वर्षे गेली. निवृत्तीनंतर मी पुन्हा विमानांकडे वळलो, आणि एके दिवशी माझ्या वाचनात एका हरिकेनचा वृत्तांत आला. आर ४११८ हा त्या विमानाचा क्रमांक. १९४० च्या ब्रिटनवरील हवाई लढाईत ते ६०५ क्रमांकाच्या तुकडीतून लढले. १९४३ च्या अखेरीस पेटाऱ्यात घालून हिंदुस्थानात पाठविले गेले. आणि युद्ध संपल्यावर काशी हिंदू विश्वविद्यालयात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी देण्यात आले. तेथे ते उघड्यावर पडून होते. १९८२ साली पीटर व्हॅचर या इंग्रज गृहस्थाने ते पाहिले, २००१ मध्ये ते स्वदेशी नेले, आणि डिसेंबर २००४ मध्ये ते पुन्हा आकाशात उडाले. म्हणजे साखरशेतात मी आबांच्या नाकासमोर पत्रक नाचवीत होतो, त्या वर्षी काशीत एक हरिकेन उघडे पडले होते. ज्याला पाहावयाचे असेल त्याने जाऊन त्याच्या पोटात पाहावे! पण हातात छापील पुरावा असला म्हणजे मनुष्य काशीस कशाला जातो?

त्या वृत्तांताने मला नाद लागला, आणि हरिकेनांची पुनर्बांधणी करणाऱ्या कारागिरांनी प्रसिद्ध केलेली छायाचित्रे मी जमवू लागलो. त्यांतले एक पाहताना माझा हात थांबला. वैमानिकाच्या जागेच्या वरच्या कडेचे भाग होते तसेच, शेवगापाल्याच्या रंगाचे. पण खाली? हरिकेनला आपल्या घराला असते तशी सलग जमीन नाही; वैमानिकाचे पाय ठेवावयास दोन पन्हळी असतात, आणि त्यांच्या खाली सरळ विमानाचे पोट दिसते. हातातून पेन्सिल निसटली तर ती त्या पोटात जाते. त्या पोटात होत्या नळ्या; स्वच्छ, चकचकीत, चांदीच्या रंगाच्या नळ्या. दुसऱ्या चित्रात बैठकीच्या मागील पोकळी होती, शेपटाकडे निमुळती होत गेलेली. आणि तिच्या भिंती गेरूच्या होत्या.

त्याचे कारणही सोपे होते. विमानावर ताणलेल्या कापडाला घट्टपणा यावा म्हणून त्यावर डोप नावाच्या द्रवाचे हात देत. आणि उन्हाने कापड कुजू नये म्हणून आरंभीच्या हातांत तांबडा रंग मिसळीत. त्यावर चांदीचा हात, आणि त्यावर मग बाहेरचे हिरवे-तपकिरी पट्टे. बाहेरून तो तांबडा कधीच दिसत नाही. पण कापडच ते; पहिला हात त्यातून झिरपून आतल्या बाजूस उतरतो. आणि तो तांबडा रंग म्हणजे काय? लोखंडाचा ऑक्साइड. गेरू म्हणजे तरी दुसरे काय आहे? आबांनी उपमा दिली नव्हती. त्या वस्तूचे नावच सांगितले होते. मी मास्तर असून मला ती उपमा वाटली, आणि उपमाही हास्यास्पद वाटली.

त्या दिवशी मी पुढचे काम केले नाही. मी माझ्याशीच वाद घालीत बसलो. पत्रक खोटे होते काय? अगदीच खोटे म्हणता येत नाही. वैमानिकाच्या डोळ्यांसमोर व आजूबाजूला जो रंग होता तो हिरवाच, आणि पत्रक लिहिणाराने त्याच्याच खुर्चीत बसून पाहिले असणार. आबा त्या खुर्चीत कधी बसले नाहीत. ते विमानाच्या पोटात शिरले, पाठीवर निजले, आणि मोडलेली पट्टी काढून नवी बसविताना त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर गेरू होता. एकाच विमानात दोन माणसांना दोन रंग दिसले आणि दोघांचेही खरे होते. माझी चूक रंगाची नव्हतीच. कोणता रंग खरा, असे विचारण्यापूर्वी सांगणारा कोठे होता असे विचारावे लागते, ते मी विचारले नाही. "आत निजून काम केलंय" हे चार शब्द आबांनी आपण होऊन माझ्या पदरात टाकले होते. साक्षीदाराने याहून अधिक काय सांगावे? ज्या विद्येचा मला आज एवढा गर्व आहे, ती मिळविण्यासाठी मी परदेशी ग्रंथ मागविले, तक्ते मागविले, दिल्लीस जाऊन टाचा उंचावल्या; आणि ती विद्या जेव्हा चालत माझ्या दारी आली होती, तेव्हा मी तिला तिसरीच्या वर्गात बसवून दिले.

कोणी म्हणेल की, एका म्हाताऱ्या सुताराचे विमानाच्या रंगाबद्दलचे म्हणणे खोडले, यात एवढे बिघडले काय? त्याचे उत्तर मी देऊ शकत नाही. मला फक्त तो 'बाबा' ऐकू येतो. मनुष्याने युद्धात चार वर्षे घालवावी, घरी परत यावे, गावात त्या गोष्टी कळणारे दुसरे कोणी नसावे, चाळीस वर्षांनी एक मास्तर हातात तेच विमान घेऊन भेटावा, आणि त्याने म्हणावे की तुम्ही पाहिले ते तुम्ही पाहिलेच नाही! आबांनी आणखी काय काय पाहिले होते ते मला आता कधीच कळणार नाही. रंगाच्या एका प्रश्नाचे उत्तर छायाचित्रांत मिळाले. जे प्रश्न मी विचारलेच नाहीत त्यांची छायाचित्रे कोणी काढलेली नाहीत.

साखरशेतातले ते जुने विमान माझ्यापाशी अजून आहे. त्याचे दोन्ही भाग मी त्याच आठवड्यात घट्ट चिकटविले होते. ते उघडावयाचे तर मोडावे लागेल, म्हणून तसेच ठेवले आहे. आत सगळे हिरवे. गेल्या वर्षी मी नवीन हरिकेन घेतले, अठ्ठेचाळीसांश प्रमाणाचे, पंख वीतभराहून थोडे मोठे. वरच्या कडांना शेवगापाला दिला. त्याची कृती आता घरात सर्वांस तोंडपाठ आहे. नळ्यांना चांदीचा रंग दिला. गेरूपाशी मात्र अडलो. त्याच्या तयार डब्या आता मिळतात, त्यांवर नाव असते, क्रमांक असतो. परंतु मला ती डबी उघडवेना. गेल्या दिवाळीनंतर मी जव्हारास गेलो, बाजारातून गेरूचा एक खडा घेतला, आणि तसाच पुढे साखरशेतास गेलो. आबांचे घर आता सिमेंटचे झाले आहे. त्यांच्या सुनेने चहा दिला. कशासाठी आलो हे मला तिला नीटसे सांगता आले नाही. "आबांची आठवण झाली" एवढेच म्हणालो. शेजारच्या एका जुन्या घराच्या भिंतीवर गेरू होता. मी खिशातला खडा काढून भिंतीजवळ धरून पाहिला. उन्हात दोघांत फरक दिसेना.

तो खडा मी सहाणेवर उगाळला, त्यात थोडे पातळ रोगण घातले, आणि बैठकीच्या मागच्या पोकळीत, शेपटापर्यंत, दोन्ही बाजूंना त्याचा हात दिला. पांढरा मुळीच मिसळला नाही. लहान वस्तूत रंग फिका करावा हा नियम दुरून पाहणाऱ्यासाठी आहे. आबा तर वीतभर अंतरावर होते. ते दोन्ही भाग दोन दिवस खिडकीत वाळत ठेवले होते. नातू एकदा आला आणि म्हणाला, "आजोबा, हे आतलं कुणाला दिसणार आहे?" मी म्हणालो, "कुणालाच नाही." त्याला ते उत्तर पटले नाही, पण प्रथमच तो तेथे थोडा वेळ उभा राहिला आणि त्याने विचारले, "मग हा लाल का?" मी त्याला शेजारी बसवून घेतले आणि आबांपासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून ते विमान चिकटविले.